इम्पालात 700आर4 बसवल्यावर तिसरा गिअर पुन्हा पुन्हा का जळतो

700आर4 म्हणजे जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. लक्षण आधी सांगतो. गाडी पहिल्यात निघते, दुसरा पडतो, रिव्हर्सही नीट लागतो. तिसरा पडायच्या वेळी मात्र इंजिन एकदम रेस होतं आणि गाडी पुढे ओढत नाही, न्यूट्रलला टाकल्यासारखी नुसती घरंगळते. लिव्हर 2 वर आणली की पुन्हा ओढ येते. पॅन खोलला तर ऑईल काळं, जळका वास आणि तळाला काळा गाळ. हे दिसलं की समजायचं, 3-4 क्लच पॅक, म्हणजे क्लचच्या प्लेटांचा एक संच, गेला. ह्या गिअरबॉक्समध्ये तिसरा आणि चौथा, दोन्ही त्याच पॅकवर चालतात. पहिल्या, दुसऱ्या आणि रिव्हर्सला तो लागतच नाही, म्हणून ते शाबूत राहतात.

साताऱ्याला माझ्या मामांकडे 1964 ची शेवरले इम्पाला आहे, 283 क्यूबिक इंचाच्या व्ही8 इंजिनाची. तिच्यात हा पॅक दोनदा जळाला. एकदा यवतेश्वरच्या घाटात, कासकडे जाताना. दुसऱ्यांदा पेठ नाक्याहून आष्ट्याकडे येताना, सपाट रस्त्यावर, भर दुपारी. दोन्ही वेळा गिअरबॉक्स उतरवून नव्या प्लेटा घातल्या आणि दोन्ही वेळा "पार्टच डुप्लिकेट निघाले" असं सांगण्यात आलं. पार्ट चांगले होते. जळायचं कारण गिअरबॉक्सच्या बाहेर होतं आणि ते कुणी मोजलं नव्हतं, मीही नाही. मी सांगलीत डिझेल पंपाचं काम करतो. बेंचवर दाब मोजल्याशिवाय पंपाबद्दल बोलायचं नाही हे माझ्या हाडात आहे. पण मामांची गाडी आली की मी फक्त भाचा म्हणून उभा राहायचो. दुसऱ्यांदा जळाल्यावर मामा म्हणाले, "अरे, तुझ्याकडे गेज आहेत, तूच का बघत नाहीस?" तेव्हा हात घातला.

बदल करायचा तरी कशाला

मूळ गाडीत दोन गिअरचा पॉवरग्लाइड होता. मजबूत बॉक्स आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण वरचा गिअर सरळ 1.00 चा, म्हणजे हायवेवर इंजिन सतत ओरडत राहतं. 700आर4 मध्ये चार गिअर: 3.06, 1.63, 1.00 आणि 0.70. मामांच्या गाडीचा मागचा एक्सल 3.36 चा आहे. त्या हिशोबाने ताशी 100 ला पॉवरग्लाइडवर इंजिन साधारण 2,600 वर फिरायचं, आता चौथ्यात 1,800 च्या आसपास. सातारा ते सांगली प्रवासात हा फरक कानाला आणि पेट्रोलला, दोन्हीकडे कळतो. घाटात पहिला गिअर 3.06 चा मिळतो हे वेगळंच. पॉवरग्लाइडचा पहिला दोनच्याही आत असतो.

शिवाय 1955 पासूनच्या शेवरले स्मॉल ब्लॉक व्ही8 च्या मागच्या तोंडावर हा बॉक्स थेट बसतो. आउटपुट शाफ्टही ॲल्युमिनियम पॉवरग्लाइडसारखाच 27 दात्यांचा, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट बॉक्सला जोडणारा जुना योक चालतो. बॉक्स सुमारे तीन इंच लांब आहे, तेवढा प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो. 1958 ते 64 च्या इम्पालांची चेसिस एक्स आकाराची आणि शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये बेअरिंग. कापायचा तो पुढचा तुकडा, आणि कापल्यावर बॅलन्सिंग हवंच. एवढं केलं की बॉक्स गाडीत बसतो. बहुतेकांचं काम इथे संपतं. खरं काम मात्र इथून सुरू होतं.

टीव्ही केबल म्हणजे काय

टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल आर्मपासून एक केबल निघते आणि बॉक्सच्या उजव्या बाजूने आत जाते. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढली जाते आणि आतला एक छोटा प्लंजर पुढे ढकलते. त्या प्लंजरवरून ठरतं की क्लचच्या प्लेटा किती दाबाने आवळायच्या आणि गिअर कुठल्या वेगाला पडायचा.

लोकांचा घोटाळा इथेच होतो. जुन्या टर्बो 350 ह्या ऑटोमॅटिक बॉक्सवर एक किकडाउन केबल असायची. ती नसली तरी गाडी चालायची, फक्त जोरात दाबल्यावर खालचा गिअर पडायचा नाही. 700आर4 ची केबल दिसायला तशीच आहे, म्हणून फिटर तिलाही किकडाउन केबलच समजतो आणि "नंतर बघू" म्हणून सोडून देतो. ही केबल चुकली तर प्लेटांवर दाबच येत नाही. इंजिन पूर्ण ताकदीने फिरवतंय आणि प्लेटा अर्ध्या दाबाने धरलेल्या, मग त्या घसरतात, तापतात आणि जळतात. सगळ्यात आधी 3-4 पॅक जातो, कारण ह्या बॉक्समधला तोच सगळ्यात नाजूक. केबल न जोडता गाडी गल्लीच्या टोकापर्यंतही नेऊ नका.

आमच्या गाडीत नेमकं काय झालं

मामांनी काही वर्षांपूर्वी मूळचा दोन बॅरलचा कार्ब्युरेटर काढून एडलब्रॉकचा चार बॅरलचा बसवला होता. कार्ब्युरेटर उत्तम आहे. पण त्याच्या थ्रॉटल आर्मवर जे भोक केबलसाठी वापरलं होतं, ते थ्रॉटल शाफ्टच्या मध्यापासून 20 मिलिमीटरवर होतं. जनरल मोटर्सचा बॉक्स ज्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरसाठी बनवला, त्यावर हे अंतर साधारण 28 मिलिमीटर असतं. आठ मिलिमीटरने काय होतं, असं मलाही आधी वाटलं.

थ्रॉटल बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत फिरतो तेव्हा 28 वर लावलेली केबल आमच्या मापाने 35 मिलिमीटर ओढली जाते. 20 वर लावलेली 25 च. बॉक्सला पूर्ण ओढ हवी, ती दहा मिलिमीटरने कमी पडली. आता केबल कशीही सेट करा, एक टोक धरलं की दुसरं सुटतं. पूर्ण थ्रॉटलला केबल पूर्ण ओढलेली ठेवली, तर आयडलला ती आधीच ताणलेली राहते, आणि मग साध्या चालीतही गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडतात. आयडलला बरोबर ठेवली, तर पूर्ण थ्रॉटलला दाब कमी.

पहिल्या गॅरेजने केबल आधी पद्धतीप्रमाणे सेट केली होती, हे मला नंतर कळलं. गिअर धक्क्याने पडायला लागले. मामा पन्नास वर्षं पॉवरग्लाइडच्या मऊ चालीला सरावलेले. त्यांनी तक्रार केली, आणि गॅरेजने केबल हाताने सैल केली. गिअर लोण्यासारखे पडायला लागले, ताशी 30 ला तिसरा आणि 50 च्या आत चौथा. सगळे खूश. तो मऊपणा म्हणजे प्लेटा घसरत आवळल्या जात होत्या. मला ह्या एका समजुतीचं फार वाईट वाटतं, कारण तिने किती बॉक्स खाल्ले असतील. 700आर4 मध्ये हलक्या पायाने गिअर लवकर आणि हळूच पडत असतील, तर आनंद मानू नका, गेज लावा.

गेज कुठे आणि कसं लावायचं

बॉक्सच्या डाव्या अंगाला, गिअर लिव्हरचा शाफ्ट जिथे आत जातो त्याच्या वर, एक छोटा प्लग आहे. आटा 1/8 इंच एनपीटी. तिथे 300 पीएसआयचं गेज लांब नळीने लावा आणि ते काचेजवळ आणून ठेवा, सीटवरून दिसलं पाहिजे. नळी सायलेन्सरला टेकू देऊ नका.

इंजिन पूर्ण तापू द्या. पार्कमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून. आयडलला केबल सोडलेल्या स्थितीत दाब 55 ते 65 पीएसआय असावा. मग कुणाला तरी इंजिनाचा वेग हजाराच्या आसपास ठेवायला सांगा आणि केबल हाताने थ्रॉटलपासून वेगळी ओढा. ओढ सुरू होताच काटा हलला पाहिजे. लगेच. पूर्ण ओढल्यावर 130 च्या वर गेला पाहिजे. हाताने ओढून एवढा दाब येत असेल, तर पंप आणि व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलचा दाब क्लचना वाटणारा भाग) ठीक आहेत, दोष केबलच्या जोडणीत आहे.

आमच्याकडे हाताने ओढल्यावर 150 आला. तीच केबल थ्रॉटल आर्मला लावून थ्रॉटल पूर्ण उघडला तर 95. दोन आकडे एका कागदावर लिहून मामांना दाखवले. ज्यापायी पॅक दोनदा जळाला ते उत्तर पंधरा मिनिटांत हातात आलं. दुसऱ्यांदा प्लेटा घालण्याआधी हे केलं असतं तर मामांचे पैसे वाचले असते, ही माझी खंत आहे.

दुरुस्ती

एडलब्रॉकसाठी केबलची भूमिती सुधारणारी तयार पट्टी परदेशात मिळते. आम्ही थांबलो नाही. कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून 4 मिलिमीटरच्या पत्र्याची पट्टी कापून घेतली, भोक शाफ्टच्या मध्यापासून 28 मिलिमीटरवर. थ्रॉटल आर्मला ती दोन बोल्टने पक्की केली, एका बोल्टवर ती फिरते. केबलचा ब्रॅकेटही बदलावा लागतो. केबल थ्रॉटल आर्मला सरळ रेषेत यायला हवी. ती वर-खाली कोनात आली तर सुरुवातीची ओढ मंद पडते आणि भूमिती पुन्हा बिघडते. पट्टी बसवल्यावर थ्रॉटल हाताने पाच-सहा वेळा पूर्ण उघडा आणि सोडा. कुठे अडत नाही ना आणि आपोआप बंद होतो ना, हे पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. इथे थ्रॉटल अडकला तर गाडी हाताबाहेर जाते.

मग सेटिंग. इंजिन बंद. केबलच्या ॲडजस्टरवर एक बटण आहे. ते दाबून धरा आणि स्लायडर थ्रॉटलपासून दूर, फायरवॉलच्या दिशेने पूर्ण मागे ढकला. बटण सोडा. आता थ्रॉटल पूर्ण उघडा. स्लायडर कटकट आवाज करत पुढे सरकेल आणि स्वतःच्या जागी बसेल. झालं. नंतर त्याला "थोडं मऊ कर" म्हणून हात लावायचा नाही.

एक बारीक गोष्ट. हे पायाने करत असाल तर आधी पायाखालची चटई काढा. मामांच्या गाडीत जाड काथ्याची चटई होती आणि पेडल तळाला टेकलं तरी थ्रॉटल पाऊणच उघडत होता. तशा स्थितीत सेट केली की केबल नको तितकी ताणलेली राहते, गिअर धक्का देतात, मग कुणीतरी ती सैल करतो आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. जुन्या लिंकेजच्या झिजलेल्या पिनाही हेच करतात.

केबल बरोबर असूनही जळत असेल तर

पहिलं, कूलर. बॉक्सचं ऑईल रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमधून फिरून थंड होतं. आपल्याकडे जुने रेडिएटर रीकोर करताना आतला कूलर फुटका म्हणून काढून टाकलेला असतो आणि दोन नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बाहेरून काही कळत नाही. रेडिएटरवाल्याला थेट विचारा. आणि बॉक्स एकदा जळाला असेल तर जुन्या कूलरमध्ये प्लेटांचा चुरा अडकलेला असतो. तो धुतल्याशिवाय नवा बॉक्स जोडला की पहिल्याच तासात तो चुरा नव्या व्हॉल्व्ह बॉडीत जातो. आम्ही जुना कूलर धुण्याच्या भानगडीत न पडता पुढे, जाळीच्या मागे, वेगळा प्लेट-फिन कूलर बसवला. सांगलीच्या उन्हाळ्यात तो लागतोच. ऑईल 80 ते 95 अंशांत राहिलं तर बॉक्स सुखी. 120 च्या वर जात असेल तर ऑईल आणि सील दोन्ही लवकर संपतात.

दुसरं, लॉक-अप. चौथ्यात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑईलमधून बॉक्सला देणारा भाग) लॉक व्हावा म्हणून बॉक्सला 12 व्होल्टची एक वायर लागते. इम्पालात ती मुळात नव्हती, म्हणून अनेकजण ती सोडून देतात. मग चौथ्यात कन्व्हर्टर सतत घसरत उष्णता करत राहतो. वायर ब्रेकच्या स्विचमधून न्यायची, ब्रेक दाबला की करंट तुटला पाहिजे, नाहीतर थांबताना इंजिन बंद पडेल. इम्पालाचा ब्रेक लाइटचा स्विच उलटा आहे, दाबल्यावर जोडणारा. त्यामुळे मध्ये रिले लागतो. आणि लॉक-अप फार कमी वेगाला येऊ देऊ नका. 3.36 च्या एक्सलवर ताशी 60 ला चौथ्यात इंजिन जेमतेम अकराशेवर असतं, तिथे लॉक झालं तर गाडी हुंदके देते. आम्ही 75 च्या पुढे ठेवलंय.

तिसरं, लिव्हर. पॉवरग्लाइडच्या स्टिअरिंग कॉलमवर पाच खाचा आहेत, 700आर4 ला सात. जुनं लिंकेज तसंच ठेवलं तर काटा डी दाखवतो आणि आतला व्हॉल्व्ह दोन खाचांच्या मध्ये अडकलेला असतो. तेव्हाही दाब गळतो. गाडीखाली झोपून, लिंकेज सोडून, बॉक्सवरची लिव्हर हाताने एकेका खाचेत टाकून पाहा आणि वरची त्याप्रमाणे जुळवा.

चौथं, डिपस्टिक. वेगळ्या बॉक्सची डिपस्टिक बसली की पातळी खोटी दिसते. ऑईल तापलेलं, इंजिन आयडलला, लिव्हर पार्कमध्ये, अशीच पातळी बघायची. पॅन काढून फिल्टर बदलला की साधारण पावणेपाच लिटर डेक्सरॉन, म्हणजे ऑटोमॅटिक बॉक्सचं ऑईल, लागतं. त्यापेक्षा खूप कमी-जास्त लागत असेल तर डिपस्टिकवर शंका घ्या.

बॉक्स विकत घेताना सालाची चौकशी करा. 1982 पासून 1984 पर्यंतच्या सुरुवातीच्या बॉक्सला इनपुट शाफ्ट 27 दात्यांचा, नंतर 30 चा. कन्व्हर्टर त्यालाच जुळणारा हवा. 1990 ला ह्याच बॉक्सचं नाव 4एल60 झालं. 1993 पासून आलेल्या 4एल60-ई ला टीव्ही केबलच नाही, पण त्याला कॉम्प्युटर लागतो, आणि जुन्या गाडीत तो बसवणारा माणूस जवळ असेल तरच त्या वाटेला जा.

टोचन करू नका

हे मी ठळक सांगतो. यवतेश्वरला गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा आम्ही जीपला दोर बांधून ती साताऱ्यापर्यंत टोचन केली. मागची चाकं रस्त्यावर फिरत होती. बॉक्सचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे आत ऑईल नाही, आणि आउटपुट शाफ्ट मात्र कोरडा फिरतोय. त्या उतारावर बुशिंगही गेली. ऑटोमॅटिक गाडी फ्लॅटबेडवरच न्या. फ्लॅटबेड मिळतच नसेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडा.

आणि घाट चढताना लिव्हर डी वर आणा, ओव्हरड्राइव्ह सोडा. पुण्याहून येताना खंबाटकी चढायचा असेल, कास असो की मेढ्याच्या बाजूने महाबळेश्वर, चौथा गिअर तिथे कामाचा नाही.

कागदपत्रांबद्दल

जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी तिच्यात बसते. गिअरबॉक्सचा मागचा आधार सुमारे दोन इंच सरकतो, म्हणून काहीजण एक्स चेसिसला गॅसने कापून नवा तुकडा वेल्ड करतात. ते करू नका. बोल्टने बसणारा क्रॉसमेंबर बनवा, म्हणजे उद्या मूळ पॉवरग्लाइड परत घालता येईल. मामांचा पॉवरग्लाइड ग्रीस लावून, तेलकट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.

पट्टी बसवून झाल्यावर पहिले 500 किलोमीटर गाडी मीच चालवली, गेज लावून. हलक्या पायाने दुसरा ताशी 25 च्या आसपास, तिसरा 45 ला, चौथा 70 च्या पुढे, आणि प्रत्येक गिअर पडताना कमरेला कळेल इतका ठाम. मामांना सुरुवातीला ते आवडलं नाही. "पूर्वी किती मऊ होती," म्हणाले. मी त्यांना कागदावरचे ते दोन आकडे पुन्हा दाखवले.

3,000 किलोमीटरनंतर पॅन खोलला. ऑईल लालच होतं. मॅग्नेटवर करड्या पावडरीचा पातळ थर, बोटाने पुसला की निघून जाणारा. एवढा सगळ्याच बॉक्समध्ये येतो. काळा चुरा नव्हता. फिल्टर बदलला, गॅस्केट नवी टाकली आणि पॅन बंद केला.